चौघांतला टोपवाला

३ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार.

वर तुमचं नाव लिहायला गेलो आणि हसू आलं. स्वतःचंच नाव स्वतःच्या हाताने लिहून त्याला नमस्कार करायचा, म्हणजे आरशापुढे उभं राहून स्वतःलाच 'या, बसा' म्हणण्यासारखं. म्हणून नाव गाळलं. आडनावासकट सगळं आपलं एकच आहे.

पत्रास कारण, तुमचा चष्मा माझ्याकडे आलाय. पार्सल आणणाऱ्याने नाव वाचलं, मी हो म्हटलं, त्याने सही घेतली आणि गेला. मीही भला माणूस, मागवला नसताना डोळ्यांवर चढवला. घरातली सगळी भांडी एकदम अंगावर आली आणि मी टेबलाला धडकलो. मग बायकोने खोक्यातली चिठ्ठी वाचून खरा पत्ता काढला. सोबत चष्मा पाठवत आहे. काचेवर अंगठ्याचा ठसा असला तर तो माझा समजा.

मी गाडी चालवायला शिकवतो. निम्मं शहर माझ्या शेजारी बसून घामाघूम झालेलं आहे. शिकणारी मंडळी पाठीमागे मला क्लचमास्तर म्हणतात. पुढ्यातही म्हणतात, पण हळू आवाजात.

तुम्ही सापडलात त्याचा मला खरंच आनंद झाला. आपल्या नावाची माणसं शोधणं हा माझा जुना नाद. या शहरात आतापर्यंत मला दोन ठाऊक होते. एक डॉक्टर, हृदयाचं ऑपरेशन करणारे. त्यांचे पेशंट भलत्याच नंबरावर, म्हणजे माझ्या, फोन करून सांगतात की छातीत धडधडतंय. मी म्हणतो, न्यूट्रलला ठेवा आणि डॉक्टरांचा खरा नंबर लिहून घ्या. दुसरे तलावावर पोहायला शिकवायचे, त्यांना सगळे पोहणेमास्तर म्हणत. तिसरा मी. चौथे आता तुम्ही निघालात. तुमचा धंदा काय ते जरूर कळवा. माझी बायको म्हणते शिंपी असणार, मी म्हणतो वकील.

पोहणेमास्तर 'शिकवायचे' असं लिहिलं, कारण ते मागच्या महिन्यात गेले. पेपरात तुम्हीही वाचलं असेल. नुसतं नाव, वय आणि शोकसभेची जागा. फोटो नाही, धंदा नाही. पुढचं काय सांगू? माझा फोन सकाळपासून तापला. मेहुणा रडत रडत आला, दारात मला बघून आणखी रडायला लागला. शेवटी बायकोने दारावर पाटी लावली, 'साहेब जिवंत आहेत, जेवत आहेत.'

तुमच्याकडे किती जण येऊन गेले? कळवा, म्हणजे बेरीज करतो.

तुमचाच, म्हणजे तुमच्याच नावाचा,
क्लचमास्तर

९ फेब्रुवारी

नमस्कार.

चष्मा मिळाला. ठसा होता, पुसला. आभारी आहे.

तुम्हा दोघांचंही चुकलं. मी केसांचे टोप करतो. नाटकवाल्यांना लागतात ते. म्हणजे करत होतो. थिएटरच्या मागच्या बाजूला माझी खोली होती, तिथेच काम, तिथेच झोपणं. दोन वर्षांपूर्वी थिएटर पाडलं आणि मी गावाबाहेरच्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आलो. इथे जिने चढताना भेटतात ती माणसं मोबाइलकडे बघत चढतात. शेल्फावर माझी लाकडी डोकी ओळीने ठेवली आहेत, तीच काय ती सोबत. फोन मी ठेवला नाही. थिएटरचा नंबर थिएटरबरोबर गेला, नवा घेऊन कोणाला देणार होतो?

बेरजेचं म्हणाल तर माझ्याकडून शून्य धरा.

ती बातमी मी वाचली होती. नाव माझं, वयही जवळपास माझंच. आधी हसलो. मग म्हटलं, आता लोक येतील, घर आवरलेलं बरं. खुर्चीवरचे कपडे उचलले, चहाची साखर आहे का बघितली. दाराची कडी काढून ठेवली, उगाच कोणाला थांबावं लागू नये. दुपारी कोणीतरी दार ढकललं. पोस्टमन होता, वरच्या मजल्यावरच्या माणसाचं विचारत होता. संध्याकाळी मी कडी लावून घेतली. मेल्यावर काय होणार हे माणसाला सहसा बघायला मिळत नाही. मला मिळालं.

दया म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मला सगळ्या गावाने यायला नको होतं. एकच माणूस आलं असतं तरी पुरे होतं.

टोपवाला

ता.क. तुम्ही त्या शोकसभेला गेला असाल, तर तिथे एकटीच आलेली कोणी म्हातारी बाई दिसली का? सहज विचारतो आहे.

१४ फेब्रुवारी

प्रिय टोपवाले,

तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं आणि ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, तुम्हाला बेरजा सुचतात, समोरच्याचं काय होत असेल याचा विचार नाही. चुकलं माझं. तुम्ही टोप करता हे वाचून मात्र मी जरा दचकलोच. म्हणजे, असाही धंदा असतो हे लक्षात नव्हतं.

शोकसभेला मी गेलो होतो. आपल्या नावाचा माणूस, जायलाच हवं. हॉल गच्च भरला होता. पोहणेमास्तरांना स्वतःचं मूलबाळ नाही, पण त्यांनी पाण्यात ढकललेली सगळी पोरं आता टक्कल पडून, पोट सुटून रांगेत उभी होती. एका गृहस्थाने सांगितलं की मास्तरांनी हनुवटीखाली हात धरला होता तो अजून तिथे आहे असं वाटतं. मला वाटलं, मी गेल्यावर लोक काय म्हणतील? हाफ क्लच, हाफ क्लच म्हणून ओरडायचा, एवढंच.

म्हाताऱ्या बायका बऱ्याच होत्या. एकटी म्हणाल तर एक होती. उंच, हातात काठी, एका बाजूने लंगडत आली. लांबून आली असावी, पायातले बूट धुळीने भरले होते. ती थेट पुढे गेली, हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहिली आणि चक्क हसली. मोठ्याने. सगळा हॉल बघायला लागला. मग ती मागे येऊन माझ्या पाठीमागच्या रांगेत बसली आणि जरा वेळाने तिने माझी कॉलर नीट केली. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम असावा. सभा संपायच्या आत उठून गेली. शेवटची बस आहे म्हणत होती.

कोणाची कोण, कळलं नाही. तुमच्या ओळखीची का?

क्लचमास्तर

१८ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र तीनदा वाचलं. 'हसली' इथपर्यंत आलो की छातीत कसंतरी व्हायचं. डॉक्टर नामबंधूंना फोन करावा लागला असता.

माझी एक बहीण आहे. ताई. माझ्याहून मोठी, उंच. आई लवकर गेली, वडील टोप करायचे, आम्ही दोघं त्या केसांच्या ढिगात वाढलो. वडिलांचा एक नियम होता, पहिली गाठ घरच्या केसाची. टोपाच्या जाळीत हजारो केस एकेक करून ओवायचे असतात, ते सगळे विकत आणलेले. पण मानेच्या मधोमध पहिली गाठ मारायची ती घरातल्या माणसाच्या केसाने, आणि तीही दुहेरी. वडील म्हणायचे, काम कोणाच्याही डोक्यावर जाऊ दे, त्याने आपलं घर विसरता कामा नये. घरात लांब केस एकट्या ताईचे. दर रविवारी ती विंचरायची आणि फणीतले केस पाकिटात घालून ठेवायची. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी वर्षातून एकदा पाकीट यायचं. आत पत्र नसायचं. ताईला लिहायचा कंटाळा. पाकीट आलं की समजायचं, सगळं ठीक.

माझी बायको गेली तेव्हा ताई म्हणाली, माझ्याकडे येऊन राहा. मी नाही म्हटलं. तिला राग आला, पण त्या वर्षीही पाकीट आलं. थिएटर पाडलं तेव्हा मी तिला नव्या पत्त्याचं कार्ड टाकलं. त्यानंतर पाकीट आलं नाही. एक वर्ष वाट बघितली, मग दुसरं. पुन्हा पत्र टाकलं, तेही पालथ्या घड्यावर पाणी. घरचे केस संपले तसं मी काम थांबवलं. पहिल्या गाठीशिवाय टोप सुरू कसा करायचा ते मला माहीत नाही.

ताई पेपर मागून वाचते, निधनाचं पान आधी. म्हणून त्या दिवशी कडी काढून ठेवली होती. तिला माझा पत्ता आवडत नसेल, मी आवडत नसेन, पण मेलो म्हटल्यावर तरी येईल. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. मी मेलो असं वाटल्यावर ताई आली का नाही?

तुमची बाई उंच होती, काठीचं मला ठाऊक नाही, हसली म्हणता. सगळं जुळत आलं होतं. पण कॉलरपाशी येऊन माझी आशा बसली. ताई परक्या माणसाच्या कॉलरला जन्मात हात लावायची नाही. तिला कपडे दिसतच नाहीत. आमच्या घरात माणूस ओळखायचा तो केसांवरून. एखादा नवरामुलगा बघून आली तर नाकडोळे सांगता यायचे नाहीत, भोवरा कुठल्या बाजूला आहे ते सांगायची. तेव्हा ती बाई दुसरी कोणीतरी, पोहणेमास्तरांची नातेवाईक असेल.

म्हणजे ताई आली नाही. बरं झालं, एकदाचं कळलं. तुम्हाला उगाच त्रास दिला. आता पत्र पाठवू नका, उत्तर देत बसायला मला जमणार नाही.

टोपवाला

२१ फेब्रुवारी

टोपवाले,

पत्र नको म्हणालात तरी लिहितो आहे, फाडायचं तर वाचून फाडा.

सोबतचं खोकं आधी उघडू नका. आधी हे वाचा.

तिने माझ्या कॉलरला हात लावला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं मी माझं टक्कल झाकून आहे. बायको आणि न्हावी सोडून कोणाला माहीत नाही. न्हाव्याकडेसुद्धा मी महिन्यातून एकदा जाऊन नुसता पेपर वाचून येतो, लोकांना संशय नको म्हणून. तुमचं थिएटर पाडलं तेव्हा सामानाचा लिलाव झाला होता. मी आरसा घ्यायला गेलो आणि टोप घेऊन आलो. त्याआधी टोपी असायची, तेव्हापासून डोक्यावर तोच. तुमचा धंदा वाचून मी दचकलो तो त्यामुळे.

आता खरं काय झालं ते सांगतो. ती बाई माझ्या मागे बसली. जरा वेळाने माझ्या मानेवर तिचं बोट लागलं. टोपाची मागची कड तिने थोडी उचलली, आत चाचपली आणि पुन्हा व्यवस्थित दाबून बसवली, आईने पोराचं डोकं नीट करावं तशी. मी घामाघूम. आजूबाजूला माझे चार विद्यार्थी. ती पुढे वाकून हळूच म्हणाली,

"हा कुठून घेतलात?"

"काय कुठून?"

"टोप."

मी मान ताठ केली. म्हटलं, "बाई, हे माझे स्वतःचे केस आहेत."

ती म्हणाली, "असतील. पण त्यातला एक माझा आहे."

एवढं बोलून ती उठली. मी वळूनही बघितलं नाही. मनात म्हटलं, वेडी आहे, सुटलो. घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही. तुमच्या पत्रात वडिलांचा नियम वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला. आरशात बघायचं धाडस होईना.

लिलावातून घेतला एवढं जरी म्हटलं असतं तरी तिने पुढचं विचारलं असतं. कुठला लिलाव, टोप करणारा कुठे गेला. तिला धागा सापडला होता टोपवाले, आणि तो मी माझ्या टकलापायी तोडला. वर तुम्हाला कॉलर म्हणून लिहिलं. तुमची ताई आली होती. धुळीने भरलेल्या बुटांनी आली होती, आणि फोटोतला माणूस तुम्ही नाही हे बघून भर शोकसभेत हसली होती.

खोक्यात तो टोप आहे. तुमच्याकडेच असू द्या. आज मी उघड्या डोक्याने शिकवायला गेलो. पहिल्याच मुलीने मला बघून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला.

क्लचमास्तर

१ मार्च

मास्तर,

तुम्ही केसाने गळा कापलात. दोन दिवस मी तुम्हाला शिव्या घालत होतो. शेल्फावरच्या लाकडी डोक्यांपैकी एकाला तुमचं नाव देऊन त्याच्याशी भांडलो. मग लक्षात आलं की ते माझंही नाव आहे.

तिसऱ्या दिवशी खोकं उघडलं. टोप मी लगेच ओळखला. एका नाटकात बायकोला विष घालणारा नवरा होता, त्याचा हा. दोन वर्षं तुम्ही खुनी माणसाचे केस घालून गाडी शिकवत होतात, बायकोला सांगा. चांगला सांभाळलात मात्र. धुता कशाने?

टोप उलटा केला. तुमच्या पार्सलातूनच मिळालेला चष्मा लावला. मानेच्या मधोमध दुहेरी गाठ होती. ताईचा केस, तिच्या ऐन उमेदीतला, काळाभोर. बाकीचे विकतचे सगळे तांबूस पडलेत, तो तसाच आहे. मी टोप मांडीवर घेऊन बसून राहिलो. रडलो, हेही लिहितो, लपवून काय करायचंय?

ती आली होती. मी इथे कडी काढून बसलो होतो आणि ती तिथे परक्यांच्या गर्दीत मला शोधत होती. आता ती जिथे असेल तिथे तिला वाटत असणार की मी कुठेतरी जिवंत आहे आणि मुद्दाम गप्प आहे. किंवा गर्दीत ठाव न लागता कधीच गेलो. माझी पत्रं तिला मिळालीच नसणार, हे मला आता कळतंय. रागावलेली माणसं शेवटच्या बसने येत नाहीत.

तिचा पत्ता माझ्याकडे जुना आहे, तो निकामी. पण ती निधनाचं पान वाचते. म्हणून त्याच पानावर मला छापून आणायचं आहे. मी इथून पेपरच्या कचेरीत फोन करायला खालच्या दुकानात गेलो होतो. कचेरीतला माणूस म्हणाला, कोण वारलं? मी म्हटलं, कोणी नाही. त्याने फोन ठेवला.

तुम्ही अर्ध्या शहराला गाडी शिकवलीत म्हणता. काही होतंय का बघा, मजकूर सोबत जोडला आहे. एवढं केलंत तर कॉलर माफ.

टोपवाला

६ मार्च

प्रिय टोपवाले,

पेपर सोबत जोडला आहे. पान नववं, खालचा कोपरा.

जाहिरात घेणारा कारकून माझाच शिष्य निघाला. तीनदा नापास झालेला, चौथ्यांदा मीच पास करवला. तरी ऐकेना. म्हणाला, निधनाच्या पानावर जिवंत माणूस बसत नाही, हरवले-सापडलेमध्ये टाकू. मी म्हटलं, बाबा रे, ती बाई हरवले-सापडले वाचत नाही. मग म्हणाला, वाढदिवसाचं पान आहे, साखरपुड्याचं आहे. शेवटी मी त्याच्यासमोर माझं टक्कल वाकवलं आणि सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, सर, तुमचे केस खोटे होते हे आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, वाऱ्याने कधी हलायचे नाहीत. दोन वर्षं मी खिडकीची काच वर करून गाडी शिकवली, आणि हे.

असो. त्याने छापलं. तुम्ही लिहून दिलं तसंच्या तसं:

'वरील नावाचे गृहस्थ, धंदा टोप करणे, हे वारलेले नाहीत. शोकसभा नाही. ताईने यावे. पत्ता खाली. कडी काढलेली आहे.'

आपलं नाव त्याच्यावर ठळक अक्षरात आहे. सकाळी माझा मेहुणा पुन्हा आला. डॉक्टरांचाही फोन आला, पहिल्यांदाच बोललो आम्ही. माणूस मोकळा आहे. म्हणाले, आपल्यातलं एक तरी हृदय ठिकाणावर आलं की कळवा, मला ऑपरेशन न करता बघायचंय.

मीही वाट बघतो आहे.

क्लचमास्तर

२५ मार्च

मास्तर,

ताई आली नाही.

बाकीचे येऊन गेले. खालच्या दुकानदाराने कात्रण जिन्यात चिकटवलं, त्यामुळे आता जिन्यात लोक मान वर करून माझ्याकडे बघतात. एक जुनी नटी आली, तिला मी राणीचे केस केले होते. ती बराच वेळ बसली, रडली आणि स्वतःबद्दल बोलली. पलीकडच्या दारातली बाई विचारून गेली की ताई आली का. तिचं नाव मला अजून माहीत नाही. ती रोज विचारते आणि रोज मला नाही म्हणावं लागतं. पूर्वी कोणी विचारत नव्हतं ते एका परीने सोपं होतं.

पेपर तिच्या गावी जातो की नाही? जात असेल. त्या पेपरावरूनच तर ती आली होती. मग त्या प्रवासाने आजारी पडली असेल का? काठी होती म्हणालात. किंवा त्या दिवशी ती माझ्यासाठी पुरेशी रडून हसून घेऊन गेली असेल, आणि आता तिला पुन्हा नको असेल. असंही असू शकतं. माणूस एकदाच मरतो, मी तिला किती वेळा बोलावणार?

रात्री कडी लावत नाही. वारा आला की दार आपोआप उघडतं आणि मी उठून बसतो.

टोपवाला

२८ मार्च

टोपवाले,

एकटे बसू नका. रविवारी मी गाडी घेऊन येतो. तिच्या जुन्या गावी जाऊ, दारोदार विचारू. एवढी उंच बाई लपून राहणार कुठे? नाही सापडली तर माघारी येताना तुम्हाला क्लच सोडायला शिकवतो.

पत्ता कळवू नका, आला आहे माझ्याकडे. आपण एकमेकांना अजून पाहिलेलं नाही, पण मला ओळखायला सोपं. डोक्याकडे बघा.

क्लचमास्तर

२ एप्रिल

मास्तर,

रविवारी या. पण तिच्या जुन्या गावी जायचं नाही, दुसरीकडे जायचं आहे. सांगतो.

आज दुपारी पोस्टमन आला. या वेळी त्याने वरच्या मजल्याचं विचारलं नाही. पाकीट दिलं. उघडलं तर आत आणखी एक पाकीट, मळलेलं, दोन वर्षांपूर्वीचं. ताईच्या अक्षरात थिएटरचा पत्ता, आणि त्यावर कोणीतरी आडवं लिहिलेलं, 'इमारत पाडली. परत.' म्हणजे तिने पाठवलं होतं. मी इथे वर्षभर वाट बघत होतो तेव्हा माझं पाकीट माझ्या दारावरून परत गेलेलं होतं, फक्त दार उरलं नव्हतं.

त्या जुन्या पाकिटात थोडे करडे केस आहेत. बाहेरच्या पाकिटात पत्र नाही. ताईला लिहायचा कंटाळा. मागच्या बाजूला पत्ता आहे, तिच्या मुलाकडचा. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मुलाने नेलं, असं त्यानेच पत्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय. पुढे लिहितो, शोकसभेहून परतल्यावर ती पुन्हा काही आठवडे अंथरुणात होती, उठल्यावर जुने पेपर चाळले तेव्हा तुमचं नववं पान सापडलं. ती आता बसने येऊ शकत नाही. आली होती तीच शेवटची.

आणि बाहेरच्या पाकिटात केस आहेत, आत्ताचे. बोटाभोवती गुंडाळून बांधलेले, ती लहानपणी बांधायची तसेच. सगळे पांढरे. एकही काळा नाही. मी ते प्रकाशात धरून बघितले. मानेजवळच्या केसांत तरी एखादा काळा असेल असं वाटलं होतं.

तुमचा टोप काल रात्रीच धुऊन वाळत घातला होता. आज चष्मा लावून बसलो. दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा बसली. ताईच्या काळ्या गाठीशेजारी पांढरी गाठ मारली आहे, दुहेरी. बाकी टोपात काही बदल केला नाही, फक्त पुढचे थोडे केस सैल केले, आता वाऱ्याने हलतील. गाडीची काच खाली करून शिकवत जा.

रविवारी डोक्यावर घालूनच तिच्यासमोर चला. ती मानेपाशी हात घालेल. या वेळी मान ताठ करू नका.

बाहेरच्या पाकिटाच्या झडपेच्या आत तिने स्वतः पेन्सिलने एवढंच लिहिलंय:

'काळे संपले. हे चालतील का?'

टोपवाला